निळा कागद

नंदकिशोरांनी आ केला, आणि ऋताच्या हातातला छोटा आरसा तोंडाशीच थांबला.

समोरच्या वरच्या दाताचा टवका उडाला होता, ते आईने फोनवर सांगितलंच होतं. चौसष्टाव्या वर्षी बाबा राजगुरुनगरला चुलतभावाच्या शेतात पैजेवर दातांनी ऊस सोलायला गेले होते. पण तुटलेल्या कडेवर बारीक, सरळ रेघा होत्या. त्या उसाने पडलेल्या नव्हत्या.

“बाबा, हे कशानं घासलं तुम्ही?”

“टोचत होतं जिभेला.”

“कशानं?”

“कानस. नवी होती. उकळून घेतली होती.”

हसावं की रडावं, ऋताला कळेना. भोसरीच्या कारखान्यातल्या टूलरूममध्ये छत्तीस वर्षं डाय, म्हणजे पोलादी साचे, जुळवण्यात घालवलेला हा माणूस, पोटच्या मुलीचा ताथवड्यातला दवाखाना सोडून स्वतःच्या दातावर कानस चालवत होता. दवाखाना थाटून चार वर्षं झाली होती. गेल्या साली दाढ दुखली तेव्हाही ते चिंचवडला दुसऱ्याच डॉक्टरकडे जाऊन आले. काखेत कळसा नि गावाला वळसा, असं आई म्हणाली होती. ऋताला ते फार लागलं. आजूबाजूच्या चार सोसायट्यांचे दात तिच्या हाताखालून गेले होते. ज्या एका माणसाने या हातावर विश्वास टाकावा असं तिला वाटायचं, तो मात्र तोंड मिटून बसला होता. आजही आईने त्यांना दारापर्यंत पोचवलं आणि मगच ती भाजी आणायला गेली.

“आधीच का नाही आलात माझ्याकडे?”

नंदकिशोर वरच्या दिव्याकडे बघत राहिले.

“घरच्या माणसाला काम दिलं, की चूक सांगता येत नाही. टूलरूममध्ये चुकलं तर मी कुणाला सोडलं नाही. तुला काय सांगणार होतो? गप्प बसून तसंच चावत राहिलो असतो.”

“म्हणजे मी चुकणारच.”

“तसं नाही गं.”

त्यांनी पुन्हा आ केला.

काम हातात आलं, तसे ऋताच्या समोर बाबा न उरता नुसता एक दात उरला. तिने कड साफ केली, रंग जुळवला, थरावर थर देत कोपरा उभा केला. शेवटी चिमट्यात निळ्या कागदाची पट्टी धरून ती म्हणाली, “चावा. आता खालचा जबडा पुढे-मागे करा.”

नंदकिशोरांनी तिचं मनगटच धरलं. “हे काय आहे?”

“जिथं उंच लागतं तिथं निळा डाग उठतो. मग तेवढंच घासायचं.”

“अगं, हे तर आमचं काम!”

डायचे दोन भाग मिळवताना ते असाच निळा रंग चोपडायचे. ऋताच्या लहानपणी रविवारीसुद्धा त्यांच्या नखांत तो दिसायचा. कॉलेजात पहिल्यांदा हा कागद हातात आला तेव्हाच तिला बाबांना सांगायचं होतं. सांगायचं राहून गेलं होतं.

नंदकिशोर खुर्चीत सावरून बसले. डोळे मिटून, लक्ष देऊन चावले. तिने घासलं. पुन्हा चावले, पुन्हा घासलं. तिसऱ्यांदा डाग दिसला नाही.

“झालं, बाबा.”

त्यांनी दातावर दात आपटून पाहिले. पुन्हा आपटले, आणि भिंतीकडे बघू लागले. लागत असलं तरी बाबा आता ‘छान झालंय’ म्हणून निघून जाणार, असं ऋताला वाटलं.

“लागतंय अजून,” ते म्हणाले. “आतल्या बाजूनं. अगदी केसभर.”

तिने नवी पट्टी लावली. आतल्या कडेला खसखशीएवढा डाग उठला. कुणी चूक काढली म्हणून त्याचे पाय धरावेत, असं तिला आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं.

“थँक्यू, बाबा.”

“थँक्यू काय? घास.”

बाहेर बाकावर माण गावच्या गिरजाबाई गालाला पदर लावून बसल्या होत्या. मदतनीस उत्कर्षाने दोनदा नाव पुकारलं तरी त्या उठेनात. खोलीतून नंदकिशोर बाहेर आले, तसं बाईंनी विचारलं, “लई दुखतंय का व्हय, दादा?”

आठ दिवस तोंडावर रुमाल धरून हिंडलेले नंदकिशोर त्यांच्याशेजारी बसले आणि त्यांनी भलामोठा आ केला.

“यातला तुटलेला कुठला होता, सांगा बरं.”

गिरजाबाई जवळ वाकल्या. “ह्यो?”

नंदकिशोरांनी नकारार्थी मान हलवली.

“मंग ह्यो?”

“नाही.”

“न्हाई बा कळत. कुनी केलं?”

“माझ्या मुलीनं. चला, मी येतो आत तुमच्याबरोबर. काही चुकलं तर सांगा, ती ऐकते.”

आत हे ऐकू आलं, तसा नव्या हातमोज्यांसाठी ऋताने पुढे केलेला हात तसाच राहिला. मग तिने मास्क खाली ओढला, मनगटाने डोळे पुसले आणि दार उघडायला ती स्वतःच गेली.