न झाडलेला चौथरा

वच्छलाच्या छातीत धूळ बसली आहे, उपचार लगेच सुरू करा, असं चंद्रपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, त्याच संध्याकाळी सोमाजी बायकोला घेऊन मठात गेला. तिथे रांग रस्त्यापर्यंत आलेली. मठातल्या काळ्या दगडाच्या चौथऱ्यावर रोज पहाटे आपोआप विभूती उतरायची. त्याला झाडू लावायचा नाही, अशी महाराजांची सक्त ताकीद.

"दवाखाना मानसाचा, दरबार देवाचा! चाट माय, छाती मोकळी नाई झाली तं सांग!" महाराज म्हणाले.

वच्छलाने दोन महिने चाटली. माघात ती गेली. "श्रद्धा कमी पडली," महाराज म्हणाले.

मग नववीतली नात रश्मी खोकायला लागली. सोमाजीनेच मठातून विभूतीची पुडी आणून दिली. पोरीने ती न चाटता शाळेत नेली.

"आबा, रिना मॅडमनं कागदाखाली लोहचुंबक फिरवलं, तं विभूती सरकाले लागली."

"देवाची शक्ती हाये ते."

"मंग आपल्या टिनावरची धूळ काऊन सरकली? चुलीतली राख तं नाई सरकली!"

सोमाजीने तिला गप्प बसवलं. पण नववीची पोरं गप्प बसली नाहीत. त्यांनी पहिलीच्या मुलांच्या पाट्या मागून आणल्या, बावीस घरांच्या कुंपणावर ठेवल्या आणि घरच्यांना बजावलं, फडकं लावू नका. चौथ्या दिवशी रिना मॅडमला सोबत घेऊन त्या सगळ्या पाट्या मठाच्या पायरीवर मांडल्या. प्रत्येक पाटीवर तीच करडी भुकटी.

"आता माह्या घरीबी मठ काढतो!" रांगेतला चैतू ओरडला. रांग हसली.

"मॅडम धर्म बुडवून राह्यली!" महाराज खेकसले.

"धर्म नाई, महाराज. वीजघराची चिमणी पाहा," रिना म्हणाली. "कोळशाची राख सगळ्यांच्याच अंगणात पडते. बाया पहाटेच झाडून सडा टाकतात, म्हणून ती दिसत नाई. तुम्ही झाडू देत नाई, म्हणून इथी दिसते."

रांगेतल्या सोमाजीने पुढे होऊन एका पाटीवरून बोट फिरवलं. गावात सगळ्यात स्वच्छ अंगण वच्छलाचं. पहाटे ती हीच राख झाडून उकिरड्यावर टाकायची, आंघोळ करायची आणि तीच चाटायला मठात यायची.

रिना पोरांकडे वळली. "मी म्हणते म्हणून मानू नका. पाटी ठेवा, पाहा, मग ठरवा. झाडण्याआधी पाणी शिंपडा, नाकाला रुमाल बांधा. खोकला आला तं डॉक्टर."

"मी नाई चाटत, आबा," रश्मीने पुडी त्याच्या हातात परत दिली. "माह्यी छाती हाये."

रांग आता अर्धी झाली आहे. उरलेली अर्धी रोज उभी असते, आणि सोमाजी रोज तिच्याशी भांडतो. चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी शेजारच्या अंगणात पाहा, एवढंच तो सांगतो. लोक म्हणतात, बायको गेल्यापासून म्हातारा बिथरला. चिमणीबद्दलचा अर्ज ग्रामपंचायतीत पडून आहे. तालुक्याच्या दवाखान्यातलं एक्स-रेचं मशीन बंद आहे. रश्मीच्या छातीचा फोटो अजून काढायचा राहिला आहे.