रस्त्याने जाणाऱ्याला

दर उन्हाळ्यात व्हॅलेन्सियातली भाषेची शाळा माझ्याकडे एक परदेशी मुलगी राहायला पाठवते. सकाळी बसने शाळेत जायचं, दुपारी दोनला भुकेने कळवळत परत यायचं, आणि उन्हाळाभर माझ्या घरात राहून आमची स्पॅनिश भाषा शिकायची. म्हणजे व्याकरण शाळेत, भाषा माझ्या स्वयंपाकघरात. आजवर मी बऱ्याच मुली सांभाळल्या. एक कांदा खायची नाही, एक बाथरूममधून बाहेर यायची नाही, एकीला आमची दुपारची झोप म्हणजे आजार वाटायचा. या वर्षी आली ती नॉर्वेची इंगविल्ड. उंच, पांढरीफटक, एकोणीस वर्षांची, आणि जे सांगाल ते खरं मानणारी.

पहिल्याच आठवड्यात तिने गावात माझी शोभा केली.

उन्हाळ्यात आम्ही पुढच्या खोलीत जेवतो, रस्त्याकडचं दार सताड उघडं टाकून. कुणी जाताना दिसलं की ताटावरून मान वर करून म्हणायचं, ‘या जेवायला.’ जाणाऱ्याने म्हणायचं, ‘चालू द्या,’ आणि पुढे जायचं. बोलावलं म्हणून कुणी बसत नाही. इंगविल्ड बसली. सोमवारी शेजारच्या ओर्तेन्सियाने तिला ‘या जेवायला’ म्हटलं, तर ही आत शिरली, खुर्ची ओढली आणि ताटभर मसूर खाऊन आली. मग माझ्याकडे पुन्हा जेवली, कारण नाही म्हणणं बरं दिसत नाही असं तिला वाटलं. गुरुवारी तर पाद्रीबाबांच्या घरात. त्यांच्या ताटात एकच मासा होता, त्यातला अर्धा हिने खाल्ला.

‘काय गं फिलोमेना,’ ओर्तेन्सिया दारात उभी राहून म्हणाली, ‘पोरीला उपाशी ठेवतेस की काय? नाही, उद्या कुणाकडे पाठवणार आहेस ते सांग, त्यांना आधी कळवलेलं बरं.’

मी इंगविल्डला समोर बसवलं. ‘हे बघ, ते नुसतं म्हणायचं असतं. बसायचं नसतं.’

‘मग म्हणता कशाला?’

आता याला काय सांगायचं? मला कधी कुणी विचारलंच नव्हतं. ‘अगं, माणूस दारावरून चाललाय. तो आपल्याला दिसला, हे त्याला कळायला नको?’

‘म्हणजे तुम्ही आहात, हे मला दिसतंय, असं?’

‘हां. तसंच काहीतरी.’

त्या दिवसापासून पोरीच्या अंगात वारं शिरलं. पोस्टमन दिसला, या जेवायला. गॅसची गाडी दिसली, या जेवायला. एकदा तर ओर्तेन्सियाच्या कुत्र्यालाही बोलावलं. माझा नवरा बाल्तासार ठसका लागेपर्यंत हसला. ‘हिला निवडणुकीला उभी करा रे,’ म्हणाला, ‘अख्खा गाव मत देईल.’

फक्त एका माणसाला आमच्या घरातून हाक जात नव्हती. तो म्हणजे बाल्तासारचा थोरला भाऊ ओनोफ्रे. आमच्यापासून तिसऱ्या घरात एकटाच राहतो. बायको वारली, मुलगी दूर सारागोसाला. तो लवकर जेवतो आणि मग काठी टेकत कॉफी प्यायला निघतो, नेमका आम्ही जेवायला बसलेले असताना. तो दिसला की बाल्तासार ताटात मान घालतो. मग मीही घालते. नऊ वर्षं हेच चाललं होतं. सासूबाई शेवटी ओनोफ्रेकडे होत्या आणि त्याच्याच घरी वारल्या. बाल्तासारला निरोप गेला तो सगळं संपल्यावर. हाकेच्या अंतरावर असून आईच्या शेवटच्या घटकेला तो नव्हता. तेव्हापासून भावाशी शब्द नाही.

या ऑगस्टच्या शेवटी मुलगी ओनोफ्रेला कायमची घेऊन जाणार होती. गुडघे गेले, घर विकलं. त्या वयात गाव सोडलेला माणूस परत येतो तो शवपेटीतूनच. मग बाल्तासार पेटीला खांदा देणार आणि ढसाढसा रडणार. मला ते रडणं नको होतं. त्याने भाऊ जिता असताना त्याच्याशी बोलावं, एवढंच मला हवं होतं. मी विषय काढला की तो म्हणायचा, ‘तू तुझं बघ.’ आणि मी मूग गिळून बसायची. गप्प बसणं मला मुळीच जमत नाही, विचारा कुणालाही.

‘ओनोफ्रेकाकांना का नाही बोलवत?’ एकदा भांडी विसळताना इंगविल्डने विचारलं. मी तिला सगळं सांगितलं. मला वाटलं, समजलं असेल.

जुलैच्या शेवटच्या रविवारी बाल्तासारने पाएया केला. रविवारचा भात तो स्वतः करतो, अंगणात संत्र्याची लाकडं पेटवून, आणि मला जवळपास फिरकू देत नाही. पसरट तवा तसाच टेबलाच्या मधोमध ठेवायचा, प्रत्येकाने लाकडी चमच्याने आपापल्या समोरचा भात खायचा. दुसऱ्याच्या बाजूला चमचा घातला तर भांडणं होतात. आम्ही तिघं तीन बाजूंना बसलो होतो. नुकता पहिला घास घेतला, तोच काठीचा आवाज आला. बाल्तासारची मान खाली गेली.

‘ओनोफ्रेकाका,’ इंगविल्ड मोठ्याने म्हणाली, ‘या जेवायला!’

ओनोफ्रे थांबला.

‘कोण बोलावतंय?’ त्याने विचारलं. ‘घर, की पाहुणी?’

‘मी,’ ती म्हणाली. ‘पण मी इथेच राहते.’

‘ती परकी आहे,’ बाल्तासार म्हणाला. माझ्याकडे बघून म्हणाला, भावाकडे नाही. ‘तिला आपली रीत कळत नाही.’

‘मग चालू द्या,’ ओनोफ्रे म्हणाला आणि त्याने काठी पुढे टाकली.

तेव्हा माझं डोकं फिरलं. ‘तिला कळते रीत!’ मी म्हटलं, रस्त्यावर ऐकू जाईल अशा आवाजात. ‘कुत्रं गेलं तरी ही पोर हाक मारते. आणि सख्खा भाऊ जातो तेव्हा आपण ताटात तोंड खुपसतो. रीत आपल्याला कळत नाही, बाल्तासार! महिन्याने तो जाईल. मग कुणाला बघून मान खाली घालशील?’

बाल्तासारने चमचा खाली ठेवला. आता हा उठून आत जाणार, आणि आठवडाभर माझ्याशीही बोलणार नाही, असं मी धरून चालले.

‘ओनोफ्रे,’ तो भाताकडे बघत म्हणाला. ‘या जेवायला.’

कुणालाही म्हणावं तसं म्हणाला. ओनोफ्रेने ‘चालू द्या’ म्हणायला हवं होतं. तो आत आला. गुडघा धरून चौथ्या खुर्चीवर बसला. इंगविल्डने डोळे मोठे करून माझ्याकडे बघितलं आणि काहीतरी विचारायला तोंड उघडलं. मी टेबलाखालून तिचा पाय दाबला.

मी त्याला चमचा दिला. तो आपल्या बाजूचा भात खायला लागला.

‘त्या रात्री मला का नाही बोलावलंस?’ बाल्तासारने विचारलं.

‘डॉक्टर म्हणाले, आई उद्याचा दिवस काढेल. तू दिवसभर भाताची लावणी करून मेल्यासारखा झोपला होतास. तुला उठवायचं जिवावर आलं.’ ओनोफ्रेने चमचा थांबवला. ‘चुकलं माझं.’

‘चुकलंच.’

‘हो.’

बाल्तासारने आपल्या बाजूचा सशाचा चांगला तुकडा उचलला आणि भावाच्या बाजूला सरकवला. ‘खा. गार होतंय.’

दोघे म्हातारे रडत रडत जेवले. मला इतकं बरं वाटलं की मी भातातल्या गोगलगाईसुद्धा खाल्ल्या, ज्यांना मी कधी हात लावत नाही.

सोमवारी आम्ही जेवायला बसलो आणि काठीचा आवाज आला. बाल्तासारने मान वर केली. ‘या जेवायला!’

‘चालू द्या, चालू द्या,’ ओनोफ्रे म्हणाला, हात हलवला आणि कॉफी प्यायला गेला.

इंगविल्डचा चेहरा पडला. ‘काकू, ते नाही म्हणाले. परत भांडण झालं?’

‘नाही गं. मिटलं. आता जाईपर्यंत रोज असंच म्हणेल. तू जेव.’

बाल्तासारने आपली खुर्ची दाराकडे तोंड करून नीट लावून घेतली.