दहावं बोट

कृपाचे हात बापावर गेले होते. मुलीच्या जातीला एवढे पंजे कशाला, असं तिची मम्मी ती पाळण्यात असल्यापासून म्हणत आलेली, आणि दर नाताळाला बांगड्यांच्या दुकानात मायलेकींची यावरून जुंपायचीच. त्यामुळे मोटारसायकलचे हातमोजे घेताना कृपानं सरळ पुरुषांचं माप मागितलं आणि ते बरोबर बसलं. बसलं म्हणजे हात आत गेला, एवढंच. काळं कातडं इतकं ताठ होतं की मूठ मिटता मिटेना. नगरच्या दुकानदारानं सांगितलं होतं, घरात घालून बसा, मुठी वळा, उघडा, आठ दिवसांत कातडं हाताचं होतं. नाहीच जमलं तर परत घेऊ, पण खोक्यासकट आणा.

कृपानं श्रीरामपूरच्या आपल्या घरी मोजे घालून एक दिवस काढला. दुसऱ्या दिवशी बोटांचे सांधे ठणकायला लागले तेव्हा तिनं ते काढले आणि खिडकीत टाकून ठेवले.

खरं दुखणं बोटांचं नव्हतं. तिला नगरला एका डेअरीत नोकरी लागली होती. सावेडीत खोली घ्यायची आणि रोज पार राळेगणसिद्धीपर्यंतच्या गावांत फिरून दूध तपासायचं. गाडी स्वतःची पाहिजे, ही अट. तिनं जुनी मोटारसायकल विकत आणून अंगणात उभी केली, त्या दिवसापासून पप्पांनी अबोला धरला. प्रभुदास मास्तर तसे गप्पिष्ट माणूस. शेजाऱ्याशी बोलायचे, पेरूच्या झाडाशी बोलायचे, कृपाशी मात्र शब्द नाही. गाडीकडे तर ते बघायचेही नाहीत.

त्यालाही कारण होतं. मास्तरांना बोटं नऊ. पंचवीस वर्षांपूर्वी त्यांची स्वतःची मोटारसायकल होती. ती स्टँडवर लावायची, गिअर टाकून इंजिन चालू ठेवायचं, म्हणजे चेन आपोआप पुढं सरकते आणि नुसती चिंधी धरली की पुसून होते. तेव्हा सगळे असंच करायचे. एके दिवशी चिंधी आत ओढली गेली आणि तिच्याबरोबर उजव्या हाताची करंगळी गेली. महिन्याभरात त्यांनी गाडी विकली. पुढं सगळी नोकरी त्यांनी सायकलवर केली आणि शाळेतल्या पोरांना नऊ बोटांनी सुतारकाम शिकवलं.

कृपाला मात्र पप्पांची दहा बोटं आठवत होती. छोटी कृपा गाडीच्या टाकीवर बसलेली, तोंडावर वारा, दोन्ही बाजूंना तुरे आलेला ऊस हलतोय, तिच्या दोन्हीकडून आलेले दोन मोठे हात हँडलवर, आणि कानामागून कुणीतरी बोटं मोजतंय. एक, दोन, तीन, थेट दहापर्यंत. मम्मी म्हणायची, तू तेव्हा दोन वर्षांची, तुला कसलं आठवतंय. पप्पा म्हणायचे, स्वप्न पडलं असेल. असेलही. पण स्वप्न असलं तरी ते तिचं लाडकं होतं, आणि ते कुणी काढून घेऊ नये असं तिला फार वाटायचं.

तिला परवानगी नको होती, सत्ताविशी ओलांडली होती तिनं. पप्पांनी निघताना फाटकापर्यंत यावं, एवढंच हवं होतं. पाठ फिरवून बसलेल्या बापाला मागं टाकून निघणं तिच्यानं होईना. सोमवारी नोकरीवर हजर व्हायचं होतं. शेवटी तिनं मनाशी ठरवलं, रविवारी संध्याकाळी डेअरीच्या साहेबांना फोन करायचा आणि येत नाही म्हणून सांगायचं.

एकदा तसं ठरल्यावर तिला नुसती झोप यायला लागली. जेवण झालं की ती खिडकीखालच्या खाटेवर आडवी व्हायची. साखर कारखान्याच्या गळिताचे दिवस, हवेत मळीचा आंबूस गोड वास, पडद्यातून येणारं पिवळं ऊन पायांवर. डोळे मिटले की ती पुन्हा टाकीवर असायची. ऊस हलत असायचा, रस्ता कुठं संपायचाच नाही, आणि कुठून तरी बारीक कुरकुर ऐकू यायची. नव्या वहाणा घालून कुणीतरी एकाच जागी चालतंय तशी. झोपेत तिला वाटायचं, हँडल वळतंय. तिला छान वाटायचं, आणि ती आणखी खोल जायची. जाग यायची तेव्हा खोलीत कुणी नसायचं. खिडकीतले मोजे खिडकीतच असायचे. चार दुपारी असंच झालं. मम्मी म्हणाली, तुझं लग्न झोपेशीच लावून द्यायला पाहिजे होतं.

रविवारी चर्चहून आल्यावर मोजे परत करायचे म्हणून कृपानं त्यांचं खोकं शोधून काढलं. डावा मोजा उचलला तर तो हातात लुळा पडला. तिला नवल वाटलं. तिनं तो घातला आणि मूठ वळली. अलगद मिटली. पाचही बोटं मऊ. मग उजवा घातला. अंगठा मऊ. तर्जनी मऊ. ती नकळत मोजायला लागली होती. सात, आठ, नऊ.

दहावं बोट वाकेना. बाकीची मूठ मिटली तरी करंगळी पहिल्या दिवशीसारखीच ताठ, बाहेर उभी.

कृपा खाटेवर बसली. दुपारची ती कुरकुर तिला आता जागेपणी ऐकू आली. रडू फुटलं आणि ते तिनं आवरलं नाही.

पप्पा मागच्या दारी फळीला रंधा मारत होते. ती मोजे घालूनच गेली आणि उजवा हात त्यांच्यापुढं धरला.

"पप्पा, दहावं राहिलं."

रंधा थांबला. ते त्या ताठ करंगळीकडं बघत राहिले.

"म्हंजी मोजलेलं खरंच आठवतंय व्हय तुला," ते म्हणाले. मग त्यांनी ती करंगळी चिमटीत धरून जरा वाकवून पाहिली आणि सोडून दिली. "हे माझ्यानं न्हाई व्हायचं. हे तुझं तूच मोकळं कर. नगर येईस्तोवर होतंय."

कपड्यावरचा भुसा झटकत ते पुढच्या अंगणात गेले. गाडीला लटकलेली चावी त्यांनी आधी काढून खिशात घातली, आणि मग चेन किती सैल आहे ते बघायला खाली बसले.