मान हलवायची जागा

बाई चौथ्यांदा निवडून आल्या होत्या, तरी सभागृहात त्यांची जागा पहिल्या दिवसापासून एकच होती: बोलणाऱ्याच्या पाठीमागे, उजव्या खांद्याशी. कॅमेरा बोलणाऱ्यावर रोखला की त्या चौकटीत एक बाई दिसलीच पाहिजे, असा पक्षाचा दंडक होता. पुढचा बोलणार, मागची मान हलवणार. पक्ष स्त्रियांना किती पुढे आणतो, हे असं त्यांना मागे बसवून देशाला दाखवलं जाई.

"वहिनी, मान जरा सावकाश हलवा हो," नणंद फोनवर म्हणायची. "परवा कोंबडी दाणे टिपतेय असं वाटलं."

बाई हसायच्या. हसण्यावारी नेल्याशिवाय असल्या कामात माणूस टिकत नाही. एके काळी त्या सरकारी इस्पितळात परिचारिका होत्या. परिचारिकांचा संप त्यांनी असा चालवला होता की मंत्र्याला मागच्या दाराने पळ काढावा लागला. तेव्हा पक्षाने त्यांना सन्मानाने बोलावून घेतलं. वाघीण म्हणून आणली आणि दिवाणखान्यात गालिचा म्हणून अंथरली.

आज मात्र त्या बोलणार होत्या. परिचारिकांचा कायदा सभागृहापुढे आला होता आणि त्यात बाईंनी एक दुरुस्ती सुचवली होती: गरोदर परिचारिकेला रात्रपाळीला एकटीला ठेवायचं नाही. मंत्र्यांना ती किरकोळ वाटली होती. ती किरकोळ का नाही, हे पटवायला बाईंनी भाषणात एक गोष्ट घातली होती. नवरा आणि नणंद सोडून ती आजवर कुणालाच ठाऊक नव्हती. भाषण रीतीप्रमाणे पक्ष कार्यालयात तपासायला दिलेलं होतं.

सभागृहाच्या दाराशी पक्षाचे प्रतोद आडवे आले. कोणी बोलायचं आणि कोणी गप्प बसायचं हे ठरवणं, एवढंच त्यांचं काम. त्यातलं दुसरं त्यांना जास्त आवडे.

"ताई, छोटासा बदल आहे. तुमच्या वेळेत धाकटे बोलतील."

धाकटे म्हणजे पक्षाच्या थोरल्यांचे पुतणे. यंदाच निवडून आलेले. त्यांना इस्पितळ ठाऊक होतं ते उद्घाटनाच्या फितीपर्यंत.

"धाकटे काय बोलणार यावर?"

"तुमचंच भाषण वाचतील की! थोरले म्हणाले, एवढं सुंदर भाषण, वाया जायला नको."

"वाया?"

"अहो ताई, गैरसमज नको. तुम्ही मागे असालच ना."

तेवढ्यात धाकटे केसांवरून हात फिरवत आले. कागदांची घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

"वाचलंत का एकदा?" बाईंनी विचारलं. "त्यात मध्ये एक जागा अशी आहे..."

"मावशी, मला आधी वाचावं लागत नाही. उभा राहिलो की आपोआप येतं."

"ताई, तुम्ही फक्त मान हलवा," प्रतोद म्हणाले. "काही झालं तरी हलवत राहा."

बाई आपल्या मागच्या जागेवर जाऊन बसल्या. उंटावरच्या शहाण्याला खालून रस्ता कोण दाखवणार?

धाकट्यांनी सुरुवात झोकात केली. बाकं वाजली. बाई मान हलवत होत्या, नणंदेने सांगितली तशी, सावकाश. कार्यालयाने भाषण तपासलं म्हणजे वरचं नाव तेवढं बदललं होतं, हे त्यांना ऐकता ऐकता कळत गेलं.

"सभापती महोदय," धाकट्यांनी आवाज चढवला, "त्या रात्री मला आठवा महिना होता!"

मग सभागृह फुटलं.

"अभिनंदन!" विरोधी बाकांवरून कुणीतरी ओरडलं. "मुलगा की मुलगी?"

स्वतःच्या पक्षाचे लोकही पोट धरून हसत होते. सभापतींनी कागद तोंडापुढे धरला.

बाईंची मान थांबली. कळा सुरू झाल्या तरी वॉर्डभर रुग्ण टाकून त्यांना हलता आलं नव्हतं. बदली कुणी आलंच नाही. सकाळी बाळ जन्मलं ते निपचित. त्या बाळाला आता या लोकांनी धाकट्यांच्या पोटी घातलं होतं आणि वर दात काढत होते.

धाकटे मटकन खाली बसले. कॅमेरा मात्र हलला नाही. त्याला ती चौकट इतक्या वर्षांत पाठ झाली होती. चौकटीत आता बाईच उरल्या होत्या, आणि त्या उभ्या राहिल्या.

"मुलगी," त्या म्हणाल्या. "विचारलंत ना कुणीतरी? मुलगी होती. माझी."

"सदस्यांनी खाली बसावं," सभापती म्हणाले. "आपलं नाव आज..."

"बसते. इतकी वर्षं बसलेच आहे. एवढी गोष्ट संपवते आणि बसते."

कागद धाकट्यांच्या मुठीत चुरगळला होता. बाईंना त्याची गरजही नव्हती. त्या रडल्या नाहीत. रडणाऱ्या बाईला सभागृह पाण्याचा पेला देतं, कान देत नाही. मघाशी ओरडलेला बाकाखाली काहीतरी पडल्यासारखा वाकला, तो बराच वेळ वर आला नाही. शेवटी मंत्र्यांनी उठून दुरुस्ती मान्य केली. नाही म्हणायची सोयच उरली नव्हती.

बाहेर प्रतोद हात पसरून आले. "ताई, थोरले बेहद्द खूश! आधी धाकट्यांनी सुरुवात करायची, मग तुम्ही उठायचं, हे आपलं आधीच ठरलं होतं असं सांगितलंय सगळ्यांना. पुढच्या वेळीही असंच करू या."

मागे धाकटे कान लाल करून बुटांकडे बघत उभे होते.

"करू की," बाई म्हणाल्या. "फक्त पुढच्या वेळी यांना मागे बसवा. मान हलवायला आधी वाचावं लागत नाही."