विमा शोधत हिंडलेली बॅग

मी एक जुनी चामड्याची बॅग आहे. मित्रांनो, मी दिसायला कधीच देखणी नव्हते. ज्या कारागिराने मला शिवलं, त्याने दुहेरी टाके घातले आणि "ही ओझ्याची आहे, मिरवायची नाही," असं म्हणत मला टेबलावर आपटून पाहिलं. मी उसवले नाही, म्हणून दुकानात गेले.

मला घेतलं एका मोठ्या बहिणीने, नुकत्याच इंजिनिअर झालेल्या धाकटीसाठी. जिना भार घेईल का, भिंतीची भेग वरवरची की खोल, हे पाहून सल्ला देणं हे धाकटीचं काम. सगळे तिला बाई म्हणत, म्हणून मीही बाईच म्हणते. टेप, टॉर्च, हातोडी, नकाशे आणि एखादं केळं पोटात घेऊन मी त्यांच्याबरोबर शिड्या चढले, तळघरं उतरले. केळं बहुधा विसरलं जाई. त्याचा त्रास मला आणि नकाशांना सारखाच होई. गवंडी दुरूनच म्हणत, "बॅग दिसली रे, नीट हात चालवा." ते माझे सुखाचे दिवस.

मग बाईंनी सल्ला दिलेल्या एका हॉटेलच्या तळघरात पाणी शिरलं. चूक इतरांची जास्त होती, तरी मालकाने सगळ्यांवरच भरपाईचा दावा ठोकला. सल्ला देणारी माणसं एक विमा घेतात. सल्ला चुकून कुणाचं नुकसान झालं, तर त्यातून भरपाई मिळते. तसं ते प्रकरण मिटलं. दुसऱ्या वेळी मात्र चूक बाईंचीच होती. एका दवाखान्याच्या जिन्याचा नकाशा त्यांनी घाईत तपासला. जिना खचला आणि एका परिचारिकेचा पाय मोडला.

बाई तिला भेटायला गेल्या तेव्हा मी सोबत होते. उशीवर पाय ठेवून ती बसली होती. बाईंनी माफी मागितली. ती म्हणाली, "राग तर आहेच मला. पण तुमच्या विम्याचे पैसे आले म्हणून घर चाललंय. नाहीतर कुणाच्या दारात उभी राहणार होते मी?"

त्यानंतर बाई गप्प झाल्या. रडल्या नाहीत, चिडल्या नाहीत. ताट समोर आलं की जेवत, हाक आली की ओ देत. कामावर जात, पण हाताला लागेल त्या पिशवीत सामान कोंबून. मी टेबलाखाली पडून राहिले. माझ्यावर बुरशीची पांढरी झाक चढली, तीही त्यांना दिसली नाही.

पुढे विमा कंपनीने कळवलं, की यापुढे तुमचा विमा आम्हाला जमणार नाही. नेमकं तेव्हाच एका शाळेच्या नव्या इमारतीचं काम आलं होतं. तिथले आर्किटेक्ट बाईंचे जुने मित्र. त्यांना सगळे लंबू म्हणत. ते म्हणाले, "मला तूच हवी आहेस. पण विम्याशिवाय शाळावाले ऐकणार नाहीत. काहीतरी कर."

कागदपत्रं पिशवीत मावेनात, तेव्हा बाईंना माझी आठवण झाली. आमची पायपीट सुरू झाली. पहिल्या कचेरीत खुर्ची मिळाली, पाणी मिळालं.

"आधी काही दावे?"

"दोन."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. "कळवतो," म्हणाले. कळवलं नाही. दुसरीकडे एका मुलीने कॉम्प्युटरकडे पाहत मान हलवली. "मॅडम, इथे दोन टाकलं की हा पुढे जातच नाही हो." बाईंच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. वाईट वाटायलाही अंगात थोडी धग लागते, ती उरली नव्हती.

बाईंचा दीर विम्याचाच एजंट. तो घरी आला.

"वहिनी, एवढं काय! दावे नाहीत म्हणून लिहा. जुनं उकरायला कुणाला वेळ आहे?"

"आणि उद्या पुन्हा काही पडलं तर?"

"तेव्हाचं तेव्हा बघू."

"तेव्हा खोटं सापडेल आणि कंपनी हात वर करेल," बाई सपाट आवाजात म्हणाल्या. "ज्याचा पाय मोडेल त्याला काय सांगू?"

दीर कान खाजवत राहिला. पण निघताना त्याने एका म्हाताऱ्या दलालाचा पत्ता दिला. "सगळीकडून परत आलेले लोक यांच्याकडे जातात."

एका शिंप्याच्या दुकानाच्या वर त्या दलालांची खोली होती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बरं, मग तुम्ही बदललंत काय?"

हे तोवर कुणी विचारलं नव्हतं. बाई माझ्या कडीशी चाळा करत बसल्या. मग म्हणाल्या, "माझा प्रत्येक नकाशा आता दुसरा इंजिनिअर तपासतो. काँक्रीट ओतण्याआधी सळ्या मी स्वतः बघते. बघू दिल्या नाहीत, तर काम सोडते."

"हे असंच लिहा. लपवाछपवी नको, रडगाणंही नको. आणि जुन्या कामांनाही संरक्षण मागू. दावा येतो तो मागच्या कामाचाच."

बऱ्याच कंपन्यांनी नकार दिला. एक तयार झाली. हप्ता जड, नुकसानीतला बराच वाटा बाईंनी सोसायचा, आणि तळघरांच्या कामाला हात लावायचा नाही. बाई फोनवर "बरं" म्हणाल्या.

नवरा म्हणाला, "अगं, आनंद नाही झाला?"

"झाला असेल. अजून पोचला नाही."

शाळेच्या कामावर पहिल्या मजल्याच्या जिन्यात सळ्या विरळ बांधलेल्या दिसल्या. काँक्रीटचं मशीन घरघरत होतं.

"सोडा आणि परत बांधा," बाई म्हणाल्या.

"बाई, ओतल्यावर कुणाला दिसणार आहे?" गवंडी हसला.

"पोरं पळणार आहेत यावरून! बंद कर ते मशीन!"

केवढ्याने ओरडल्या! मशीन थांबलं. बाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसतही नव्हत्या. लंबूंनी मला उचलून बाजूच्या विटांवर ठेवलं आणि बाईंना बसायला जागा केली. सळ्या सुटू लागल्या.

मित्रांनो, नुसतं पडून राहिलेलं चामडं कडक होतं आणि पुढे वाकवायला गेलं की तडकतं. म्हणून सांगते, तुमच्या वस्तूंवरून अधूनमधून तेलाचा हात फिरवा. आणि तुमच्यातलं कुणी एखादी चूक झाल्यावर गप्प झालं असेल, तर त्याला टेबलाखाली राहू देऊ नका.