पलंगाच्या पायथ्याशी

न्हाणीघरात छताच्या अगदी निकट, भिंतीला पाठ लावून ज्याने उभे आयुष्य काढले, तो मी पाणी तापवणारा. घरात मला गीझर म्हणत. माझा आजा तांब्याचा बंब. तो गळू लागला की थेंब विस्तवावर पडून चर्र असा आवाज होई आणि सारे घर धावून येई. मी गळलो तो मात्र निःशब्दपणे, आणि माझ्या मुकेपणाची शिक्षा एका निरपराध माणसाने भोगली.

पत्रा गोल वाकवून, त्याच्या दोन कडा तापवून, सांधून माझा देह घडला. त्या सांध्याला मी मनोमन शिवण म्हणत असे, कारण ज्या घरी मी आलो तेथले बाबा व्यवसायाने शिंपी. त्यांची ख्याती अशी की, अंगरखा कुठे जरा ओढला गेला तरी ते गिऱ्हाइकाच्या सुटलेल्या पोटाला कधी बोल लावत नसत. आधी स्वतःची टीप उसवत. दुकान बंद झाले तरी यंत्र त्यांच्या खोलीत होते. ती खोली माझ्या भिंतीपलीकडे. माझ्या नळासाठी पाडलेले भोक गवंड्याने बुजवलेच नव्हते. त्यातून मला बाबांचा पलंग दिसे. पलीकडे उतरणारे नळ उघडे दिसू नयेत म्हणून बाबांनी तिथे भोकाच्या खालून जमिनीपर्यंत पोचणारा पडदा शिवून लावला होता.

माझी आठवण लोकांना पाणी गार आले की होई. पोटात साठलेला क्षार अधूनमधून काढावा लागतो, हे कुणाच्या गावीही नव्हते. तक्रार म्हणून सांगत नाही. माझी शिवण विरली ती विरलीच.

पहाटे, बाबा उठण्याआधी, कुणी कळ दाबली की मी तापे, फुगे, आणि ती बारीक चीर उघडे. निवलो की ती मिटे. त्या अवधीत झिरपलेले पाणी नळावरून घरंगळत भोकातून पलीकडे जाई आणि पडद्याआडून उतरून पलंगाच्या पायथ्याशी साचे. ते कोमट असे. माझ्या गंजाने त्याला पिवळसर झाक येई. आता तुम्हीच सांगा, म्हाताऱ्या माणसाच्या पलंगाशी पहाटे कोमट, पिवळे पाणी दिसल्यावर कोण वर पाहील?

बाबांचे पाय आधी त्यात पडले. पायजम्याच्या कडा भिजल्या.  स्वतःच्या पंच्याने त्यांनी जमीन पुसली.

घर फार सभ्य होते, हाच घात झाला. सूनबाईने ओली जमीन पाहिली आणि न पाहिल्यासारखे करून फडके फिरवले. मुलाने गादीवर मेणकापड अंथरले, तेही वडील बाहेर गेल्याची वेळ साधून. कुणी अवाक्षर काढले नाही. त्या पाण्याला वास नाही, एवढे कळण्याइतके खाली कुणी वाकलेही नाही.

एके दिवशी सूनबाई न्हाणीघरात शिरून नणंदेशी फोनवर हळू आवाजात बोलू लागली.

"वन्सं, बाबांना एवढ्यात नका नेऊ. तुमच्या सासूबाई असतात घरी... नाही हो, तब्येत बरी आहे. नाजूक आहे जरा. कसं सांगू?"

भोकाच्या पलीकडे बाबा उभे होते. लेकीकडे जायचे म्हणून भरायला घेतलेली पिशवी त्यांनी तिथल्या तिथे रिकामी केली. लेकीचा फोन आला तेव्हा म्हणाले, "गुडघा धरलाय गं. बघू पुढे." गुडघा ठणठणीत होता. त्या दिवसापासून पाण्याचे भांडे त्यांनी ओठांना लावले न लावल्यासारखे करायला सुरुवात केली.

आणि ते शिवू लागले. आत टॉवेलचे कापड, बाहेर जुन्या रेनकोटचा तुकडा, दोन्हीकडे नाड्या. लंगोटाचा असा प्रकार त्यांनी जन्मात शिवला नव्हता. सकाळी जमीन ओलीच असे. बाबा तो उसवत, माप बदलत, पुन्हा शिवत. मी वरून पाहत होतो आणि तापत होतो. कळ दाबल्यावर न तापणे माझ्या हाती नव्हते.

अखेर एका सकाळी सूनबाई चहा घेऊन आली, तेव्हा तो प्रकार यंत्रावरच होता.

"बाबा, हे काय?"

"काय असणार? चहाचं गाळणं नव्हे."

तिने तो हातात घेतला. "हे बांधून झोपता तुम्ही? रोज?"

"मग काय करू? तुला रोज फडकं मारायला लावू?"

"पण हे तर कोरडं आहे."

"कोरडं आहे म्हणून तर उसवतोय. बेतण्यातच चूक होतेय माझी. सगळं बाजूनं जातं."

"बाजूनं गेलं तर कडा तरी भिजतील ना, बाबा?"

बाबांची कात्री थांबली. सूनबाईने जमिनीकडे पाहिले, मग प्रथमच तो पडदा बाजूला सारला. भिंत फुगली होती. तिचे बोट ओलीवरून वर वर चढत भोकापाशी आले, आणि तिची माझी नजरानजर झाली. ती पदरात तोंड लपवून रडू लागली.

प्लंबर आला. "टाकीच सडलीय हो. आणि भिंत एवढी फुगेस्तोवर कुणाला पाणी दिसलं नाही?"

"दिसलं होतं," मुलगा म्हणाला आणि खाली पाहू लागला. मग वडिलांना म्हणाला, "बाबा, तुम्ही बोलला का नाहीत?"

"तू विचारलंस?"

मुलाने वाकून गादीवरचे मेणकापड ओढून काढले. 

आता मी बाबांच्या दाराबाहेर आडवा पडलो आहे, भंगारवाल्याची वाट पाहत. आज बाबा लेकीकडे निघाले. जावई खाली गाडीत बसले होते, सूनबाईने पिशवी उचलली होती. बाबा उंबऱ्यापर्यंत आले आणि मागे वळले. पलंगाशी वाकून त्यांनी जमिनीवर तळवा टेकला, उचलून उजेडात धरला. कोरडा होता. त्यांनी पुन्हा टेकला.

"बाबा, चला ना," सूनबाई म्हणाली. 

चीर माझ्या पत्र्याला पडली होती; माझी टाकी वितळवून नवी होईल. त्यांच्या विश्वासाला गेलेला तडा सांधणारी भट्टी मला ठाऊक नाही. म्हणून लाजेने एवढेच मागतो: घरात ओल दिसली, तर माणसाकडे पाहण्याआधी भिंतीकडे पाहा. आणि माणसाकडेच पाहावे लागले, तर त्याला विचारा.