पोळ्याच्या दिवशी सुटलेले विमान

पोळ्याच्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास, अकोल्याजवळच्या एका बंद धावपट्टीवर उभे असलेले विमान आपोआप चालू लागले. आत कोणी नव्हते. चाकाखाली मी असायला हवा होतो. मी बाजूच्या गवतात पडलो होतो.

मित्रांनो, मी एक जुना बाभळीचा ठोकळा आहे. उभे विमान घरंगळू नये म्हणून चाकाला लावतात, तो. आम्ही दोघे होतो, एकाच दोरीने बांधलेले. एक चाकापुढे, एक मागे. वैमानिकाने हाताने खूण केली की आम्हाला ओढून काढत. शिकाऊ मुले विमान आधी जमिनीवर हळूहळू चालवत, मग उडत. परत आली की पहिला प्रश्न आमच्याबद्दल असे, "ठोकळे लावले का?" याहून मोठे कौतुक मला कधी मिळाले नाही.

पुढे उड्डाणाचे वर्ग बंद पडले. ब्रेकचे तेल आटले. माझ्या जोडीदाराला वाळवीने खाल्ले. उरलो मी, विमान आणि राखणदार नत्थुजी.

गेल्या महिन्यात अमरावतीहून गीतांजली मॅडम आल्या. त्या विमानदुरुस्ती शिकवतात. हे विमान आता उडणार नव्हते, पण मुलांना शिकवण्यापुरते त्यांना ते हवे होते. नाहीतर ते भंगारात जाणार होते.

"पोळा झाला की ट्रक पाठवते, काका. तोवर पंख शाबूत राहू द्या."

नत्थुजींनी शेडकडे बोट दाखवले. "मॅडम, याले हँगर काहून म्हन्तेत?"

"फ्रेंच शब्द आहे. विमानांच्याही आधीचा. गाड्या, अवजारं ठेवायची शेड."

"म्हन्जे आमचा गोठाच झाला ना, बाई! अन् इमान जमिनीवर चालते, त्याले टॅक्सी काहून?"

"जुन्या वैमानिकांची थट्टा असावी. सवारी शोधत टॅक्सी रेंगाळते ना, तसं दिसायचं म्हणे."

"मंग याले लय वर्सं सवारीच नाई भेटली, बाप्पा!"

दोघे हसले. मला हसू आले नाही.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी नत्थुजींनी चाकाला हळद-तूप चोळले, बैलाच्या खांद्याला चोळतात तसे. बोटभर मलाही लावले. "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या," ते विमानाला म्हणाले. सकाळी पुरणपोळी ठेवली आणि मला ओढून काढले.

"बैलाच्या मानेवर आज जू नसते. तुह्या पायात खोडा काहून?"

ते घरचे बैल सजवायला गावात गेले. मग वारा सुटला.

खरे सांगतो, धावपट्टीच्या उतारावरून जाताना ते सुंदर दिसत होते. सवारी शोधायला निघाल्यासारखे. मी हाक मारू शकत नव्हतो. हँगरच्या लोखंडी खांबावर पंख आदळला आणि वाकला.

दुसऱ्या दिवशी मॅडम आल्या. वाकलेल्या पत्र्यावरून त्यांनी हात फिरवला.

"मीच काढला ठोकळा," नत्थुजी म्हणाले. "पोळा होता ना."

मॅडमनी मला गवतातून उचलले. मग म्हणाल्या, "पोळ्यात जू उतरवता, काका. पण बैलाचा कासरा हातातून सोडता का?"

नत्थुजींनी मला त्यांच्या हातातून घेतले आणि चाकाला लावले. विमान न्यायचे की नाही, ते संस्थेत विचारून कळवते असे सांगून मॅडम गेल्या.

मित्रांनो, ज्याच्यावर तुमची माया आहे, त्याला मोकळे करताना मॅडमचा तो कासरा लक्षात ठेवा. मी आता पुन्हा चाकाखाली आहे. अंगावरची हळद अजून गेलेली नाही. आज सकाळी फाटकाशी एक ट्रक येऊन थांबला आहे. तो अमरावतीचा की भंगारवाल्याचा, हे चाकाखालून दिसत नाही.